आरसा म्हणे!

'साहित्य हा समाजाचा आरसा', शाळेच्या निबंधात हे वाक्य टाकलं की मार्क फिक्स. पण आरसा निवड करत नाही हो, लेखक करतो, आणि साहित्याची थिअरी मांडणारे समीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात. १८६०-७० च्या मराठी कादंबऱ्या बघा, राजपुत्र काय, कारस्थानं काय, योगायोग तर विचारूच नका, आणि बाहेर इंग्रजांचा अंमल, १८५३ पासून रेल्वे धावतेय! आरसा म्हणून वाचलं तर तेव्हा गल्लोगल्ली राजपुत्रच फिरत होते म्हणायचं 😄 उलट दलित लेखक बाबुराव बागूलांचा १९६३ चा कथासंग्रह 'जेव्हा मी जात चोरली होती' घ्या, त्याच नावाच्या कथेत रेल्वेतल्या नोकरीवर आलेला तरुण जात लपवतो. असली माणसं काय तेव्हा अचानक उगवली? होतीच की, आरसा दुसरीकडे तोंड करून होता एवढंच.