एका पॅनेलवर सावली पडली, की अख्खं सोलर बंद?

‘एका पॅनेलवर सावली आली की सगळी लाइन बंद, दिवाळीच्या दिव्यांच्या जुन्या माळेसारखी.’ सांगलीत गच्चीवर सोलर बसवायचा विषय निघाला, की हे कुणीतरी ऐकवतंच. आमच्या शेजारच्या काकांनी तर या भीतीपायी नारळाचं झाड तोडायला माणूस बोलावला होता!

माळेची उपमा अर्धीच खरी. पॅनेल एकापाठोपाठ जोडलेले असतात, त्यामुळे सावलीतला सेल (पॅनेलमधला वीज तयार करणारा छोटा चौकोन) करंट अडवतो, हे बरोबर. पण पॅनेलच्या मागच्या काळ्या डब्यात बहुधा 3 बायपास डायोड, म्हणजे करंटला पर्यायी वाट देणारे छोटे भाग असतात; प्रत्येकाकडे पॅनेलचा एक तृतीयांश हिस्सा. सावलीतला हिस्सा बाजूला टाकून करंट पुढे जातो. 10 पॅनेलच्या ओळीत असे 30 हिस्से. एक गळला तर नुकसान साधारण 3 टक्के. मात्र त्यासाठी इन्व्हर्टरने (पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करणारं यंत्र) बदललेल्या ओळीसाठी योग्य व्होल्टेज शोधायला हवं.

आता उलटी बाजू. सावली थोडी म्हणजे नुकसान थोडं, असंही नाही. जुन्या, अखंड सेलच्या पॅनेलमध्ये हे हिस्से लांबीच्या दिशेने पट्ट्यांसारखे असतात; ते उभं बसवलं आणि तळाशी कठड्याची वीतभर सावली आली, तर तिन्ही हिस्से एकदम सापडतात. तेच पॅनेल आडवं असतं तर एकच गेला असता. हाफ-कट पॅनेल (सेल अर्धे कापून वर-खाली दोन गटांत जोडलेलं) उभं असलं, तरी निम्मं चालू राहतं.

आणि गच्ची मे महिन्यात बघून भागत नाही. डिसेंबरात इथे भर दुपारीही सूर्य दक्षिणेला, जेमतेम 50 अंशांवर असतो. मीटरभर उंच कठड्याची सावली पाऊण मीटरच्या पुढे जाते.

काकांचं झाड उत्तरेला होतं. वाचलं.