अतिसंवेदी फुप्फुसदाह

श्वासाबरोबर वारंवार आत जाणाऱ्या सेंद्रिय धुळीमुळे किंवा काही रसायनांमुळे फुप्फुसांत निर्माण होणारा, प्रतिकारशक्तीच्या अतिरेकी प्रतिसादातून उद्भवणारा दाह. याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस असेही म्हणतात. दम्याशी याची गल्लत होते, परंतु दम्याचे मूळ श्वासनलिकांत असते. येथे सूज थेट वायुकोशांत (फुप्फुसांतील हवेच्या सूक्ष्म पिशव्यांत) आणि त्यांच्या लगतच्या अतिसूक्ष्म नलिकांत येते. सुमारे ५ मायक्रोमीटरहून लहान कणच तिथवर पोहोचू शकतात.

आजाराची रूपे बहुधा व्यवसायावरून ओळखली जातात. ओलसर साठवलेले गवत आतून तापते, त्यात उष्णताप्रिय जिवाणू वाढतात आणि गंजी उपसताना त्यांचे बीजाणू उडतात. यातून होणाऱ्या ‘शेतकऱ्याच्या फुप्फुसा’चे वर्णन इंग्लंडमध्ये १९३२ साली झाले. उसाच्या बुरशीट चिपाडाच्या धुळीने बगॅसोसिस होतो. कबुतरे किंवा पोपट पाळणाऱ्यांना पक्ष्यांच्या विष्ठेतील व पिसांवरील भुकटीतील प्रथिने बाधतात. पिसांच्या उश्या, दूषित आर्द्रतायंत्रे, रंगकामातील आयसोसायनेटे नावाची रसायने हीदेखील कारणे आहेत.

एकाच वेळी भरपूर धूळ श्वासात गेली, तर चार ते आठ तासांत थंडीताप, कोरडा खोकला आणि धाप सुरू होते. फ्लू समजून रुग्ण विश्रांती घेतो, संपर्क तुटतो, दोन दिवसांत बरे वाटते आणि खरे कारण नजरेआड होते. अधिक घातक असतो तो थोडा पण रोजचा संपर्क. त्यात ताप येत नाही. महिनोन्‌महिने दम वाढत जातो, वजन घटते, कधी बोटांची टोके फुगतात आणि फुप्फुसांत तंतुमयता येते, म्हणजे त्यांच्या ऊतीत कडक व्रण तयार होतात. हे व्रण पूर्ववत होत नाहीत.

निदानासाठी सीटी स्कॅन, श्वसनक्षमतेची चाचणी, फुप्फुस धुऊन काढलेल्या द्रवातील लसिकापेशींचे (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींचे) प्रमाण आणि गरज पडल्यास ऊतीचा तुकडा तपासतात. रक्तातील विशिष्ट प्रतिपिंडे (अँटिबॉडी) संपर्काची साक्ष देतात, आजाराची नव्हे. निरोगी पक्षीपालकांतही ती सापडतात. म्हणून काम, घर आणि छंद यांची बारकाईने केलेली चौकशी कोणत्याही यंत्राइतकीच मोलाची असते. तरीही अनेक जुनाट रुग्णांत नेमका प्रतिजन (हा प्रतिसाद चेतवणारा पदार्थ) सापडत नाही.

धूम्रपान न करणाऱ्यांत हा आजार अधिक आढळतो, मात्र धूम्रपान करणाऱ्याला तो झालाच तर अधिक वाईट वळण घेतो.

उपचारांत पहिले स्थान संपर्क तोडण्याला आहे. स्टेरॉइडे दाह उतरवतात. जुनाट आजारात मायकोफेनोलेट किंवा अ‍ॅझाथायोप्रिन ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे देतात. तंतुमयता वाढतच असल्यास निन्टेडॅनिब हे औषध तिचा वेग मंदावते. अखेरच्या टप्प्यात निवडक रुग्णांत फुप्फुस प्रत्यारोपण करतात.