केळीचा धागा प्लास्टिकमधून का निसटतो?

रावेर-यावल पट्ट्यात केळीचा घड उतरला की खोडाचे काम संपते, कारण एका खोडाला घड एकदाच लागतो. त्या खोडाच्या सोपटातून, म्हणजे त्यावरच्या थरांतून, निघणारा धागा चांगला चिवट असतो. जळगावात केळी पिकते आणि प्लास्टिकच्या चटयाही बनतात, तेव्हा धागा पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकमध्ये मिसळून हलके, भक्कम पत्रे काढावेत, हा विचार सहज सुचतो. मात्र नुसत्या मिश्रणाचा तुकडा ताणून तोडला आणि तुटलेली कड भिंगाखाली धरली, तर बरेचसे धागे न तुटता केसांसारखे बाहेर आलेले दिसतात आणि समोरच्या कडेत त्यांच्या जागी गुळगुळीत भोके उरलेली असतात. म्हणजे धागा कमी पडलेला नसतो, सांधा सुटलेला असतो. प्लास्टिकवरचा ताण धाग्यापर्यंत पोचलेलाच नसतो.

चटईवर पाण्याचा थेंब टाकला तर तो गोळा होऊन घरंगळतो, वाळलेले सोपट मात्र तोच थेंब शोषून घेते. धागा ज्या सेल्युलोजचा बनतो, त्यावर पाण्याला धरून ठेवणारे हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनचे) गट असतात, तर पॉलिप्रॉपिलीन ही केवळ कार्बन आणि हायड्रोजनची, पाण्याला दूर ठेवणारी साखळी आहे. म्हणूनच दोघांचे एकमेकांशी जुळत नाही.

कॉस्टिक सोड्याच्या साधारण ५ टक्के द्रावणात धागा भिजवला की त्यावरचे मेण आणि धागे चिकटवून ठेवणारे पेक्टिन, हेमिसेल्युलोज व थोडे लिग्निन निघून जाते, जुडगा सुटून बारीक धागे मोकळे होतात आणि पृष्ठभाग खरबरीत होऊन प्लास्टिकला पकड मिळते. ही पकड मात्र यांत्रिकच असते. सोडा वाढवत नेला तर सेल्युलोजच कमकुवत होते.

खरा दुवा मॅलेइक अनहायड्राइड हे रसायन जोडलेल्या पॉलिप्रॉपिलीनचा. त्याचे अनहायड्राइडचे टोक धाग्यातील हायड्रॉक्सिल गटांशी एस्टर बंध, म्हणजे रासायनिक जोड, बांधते आणि उरलेली लांब साखळी भोवतालच्या प्लास्टिकमध्ये गुंतून बसते. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, इथे तो दोन्हीकडे जेवतो! मात्रा मोजक्या टक्क्यांचीच पुरते.

माझ्या मते सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते वाळवणीकडे. धाग्यात ओल राहिली की गरम प्लास्टिकमध्ये तिची वाफ होऊन पोकळ्या पडतात. उष्णता वाढवण्यालाही मर्यादा आहे: पॉलिप्रॉपिलीन १६५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते आणि धागा २०० अंशांच्या पुढे करपू लागतो, त्यामुळे सगळे काम या अरुंद पट्ट्यातच, तेही झटपट, उरकावे लागते.