पी.टी.चा तास बंद, ही कसली शिक्षा?

सातवी-आठवीतलं पोट्टं वर्गात दंगा करू लागलं, मारामारीवर उतरलं, की अनेक शाळांत त्याचा पी.टी.चा तास बंद होतो. आपल्या विदर्भात पूर्वी याच्या उलट चालायचं. अशा पोराला आखाड्यात घालत.

अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 मध्ये सुरू झालं आणि 1936 मध्ये त्याचं पथक बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ दाखवून आलं. नागपुरातही गल्लोगल्ली आखाडे होते. तिथे जोर-बैठकांइतकाच महत्त्वाचा होता तो वस्तादाचा धाक, पहाटेची ठरलेली वेळ आणि मोठ्या पोरांची नजर. पुढे शाळेत व्यायामाचा ‘तास’ झाला आणि हे सारं गळून पडलं.

व्यायामाने वागणं सुधारतं का, हे संशोधकांनी नंतर तपासलं. बोस्टनजवळ मानसिक व वर्तनविषयक अडचणी असलेल्या मुलांची एक शाळा आहे. तिथल्या 103 विद्यार्थ्यांना पी.टी.च्या तासाला पडद्यासमोरची स्थिर सायकल चालवायला दिली. 2017 मध्ये निष्कर्ष आले: स्वतःवरचा ताबा सुटण्याची आणि शिक्षा म्हणून वर्गाबाहेर जावं लागण्याची शक्यता 32 ते 51 टक्क्यांनी घटली. सायकल चालवलेल्या दिवशी फरक जास्त दिसला. म्हणजे ज्या मुलांचा तास आपण आधी बंद करतो, तशाच मुलांना त्याचा उपयोग झाला.

पण नुसती ताकद कमावून भागत नाही. नॉर्वेतल्या 11 ते 13 वर्षांच्या मुलांचा अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. बॉक्सिंग, कुस्ती, वजन उचलणं अशा खेळांत उतरलेल्या मुलांचं मारामारीसारखं वागणं उलट वाढलं होतं. सरावाच्या जागी भिनणारी मर्दानगीची कल्पना हे संशोधकांनी त्याचं एक संभाव्य कारण मानलं. मला हा इशारा फार मोलाचा वाटतो. वस्ताद कसा आहे, यावर किती अवलंबून असतं ते त्यातून कळतं.

नागपूरला याचं उदाहरण बाहेर शोधावं लागत नाही. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी 2001 मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांसाठी फुटबॉल सुरू केला. व्यसनं आणि भुरट्या चोऱ्यांच्या वाटेवरची पोरं तिथे आली, कारण मैदानावर त्यांची वाट पाहणारं कुणीतरी होतं.

शाळांत असा माणूस असावा म्हणून 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी शारीरिक शिक्षणाच्या निदेशकाची तरतूद आहे. ती अर्धवेळ आहे, आणि पटसंख्या शंभरावर असेल तरच.