‘रॉड टाकला’ म्हणजे नक्की काय टाकलं?

मांडी मोडलेल्या माणसाला भेटून आलेला पाहुणा सांगतो, ‘रॉड टाकलाय’. मनगट मोडलेल्या बाईचं ऑपरेशन झालं की घरचे तेच सांगतात, ‘रॉड टाकला’. पहिल्याच्या पायात बहुधा खरंच रॉड असतो. दुसरीच्या हातात बहुधा प्लेट. धातूचं जे काही हाडाला लागलं ते सगळं बोलण्यात रॉडच. पायाबाहेर सळयांचा सांगाडा दिसतो, ज्याला डॉक्टर फिक्सेटर म्हणतात, त्यालाही लोक रॉडच म्हणतात. एरवी या ढोबळपणाने काही बिघडत नाही. पण शेजारच्या खाटेवरच्या पेशंटशी तुलना सुरू झाली की घोळ होतो. त्याला तिसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं केलं, मग मला दीड महिना पाय टेकू नका का सांगितलं?

रॉड, म्हणजे डॉक्टरांचा ‘नेल’, हाडाच्या आत असतो. मांडीचं, नडगीचं हाड मधून पोकळ असतं, त्यात मज्जा असते. त्या पोकळीतून हा नेल लांबवर सरकवतात. मांडीच्या हाडात तो खुब्याकडून किंवा गुडघ्याकडून जातो, नडगीत गुडघ्याच्या बाजूने. हाड जिथे मोडलंय ती जागा बऱ्याचदा उघडतही नाहीत. सी-आर्मच्या, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर बघत आधी एक लांब तार मोडलेल्या जागेपलीकडे नेतात, मग तारेवरून रीमर, म्हणजे आतून हाड खरवडणारं गिरमिट, फिरवून पोकळी रुंद करतात. रीमरचं तोंड अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने वाढवत नेतात. पोकळीच्या सर्वांत अरुंद भागात रीमर हाडाला घासून खरखरायला लागला, की सर्जनला नेलच्या जाडीचा अंदाज येतो. जाडी महत्त्वाची: भरीव सळईचा हिशेब धरला, तर 9 ऐवजी 11 मिलिमीटरच्या सळईचा वाकण्याला होणारा विरोध दुपटीहून जास्त असतो. शेवटी वर आणि खाली आडवे स्क्रू घालून नेल हाडाशी ‘लॉक’ करतात. ते नसतील तर तुकडे नेलभोवती फिरू शकतात, पाय आखूड होऊ शकतो.

प्लेट हाडाच्या बाहेरून बसते. ठरलेल्या पद्धतीत मोडलेली जागा उघडायची, तुकडे डोळ्यांनी बघून जुळवायचे, वरून भोकांची पट्टी ठेवायची आणि स्क्रू आवळायचे. डिस्चार्ज कार्डावर ‘ओआरआयएफ’ लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ एवढाच, की हाड उघडून जुळवलं आणि आतून पक्कं केलं. पुढे प्लेटिंग की नेलिंग, ते वेगळं लिहिलेलं असतं. ते वाचावं.

वयाने प्लेट मोठी. हॅम्बुर्गच्या कार्ल हान्समान यांनी 1886 मध्ये प्लेट वापरल्याची नोंद आहे. आधुनिक नेलचं श्रेय जर्मनीतल्याच कील शहरातल्या गेरहार्ड क्युन्चर यांना जातं. 1939 मध्ये त्यांनी मांडीच्या हाडात पहिला नेल घातला. त्यांच्या नेलला लॉकिंग स्क्रू नव्हते. पोकळीत घट्ट रुतून बसणं हीच त्याची पकड, म्हणून हाडाच्या मधल्या भागातल्या साध्या फ्रॅक्चरलाच तो शोभायचा. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यात असलेले युद्धकैदी मायदेशी परतले आणि त्यांच्या मांडीच्या एक्स-रेत लांबच लांब धातू दिसला, तेव्हा जर्मनीबाहेरचे डॉक्टर चक्रावले होते.

आत आणि बाहेर हा फरक डोळ्यांना दिसतो. खरा फरक हालचालीचा आहे. प्लेटने तुकडे एकमेकांवर दाबून आवळले की तिथे जवळपास हालचाल उरत नाही. अशा शांततेत हाडाच्या पेशी फटीतून आरपार बारीक बोगदे खणतात आणि मागून नवं हाड भरत जातात. हे काम संथ चालतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. नेल मात्र तुकड्यांना किंचित हलू देतो, पावलागणिक जरासा दाब पडू देतो. या बारीक हालचालीला हाड कॅलस बनवून उत्तर देतं. कॅलस म्हणजे फ्रॅक्चरभोवती जमणारा नव्या हाडाचा गोळा, जो आधी मऊ असतो आणि मग कडक होतो. प्लास्टरमध्ये जुळणारं हाडही असंच जुळतं.

म्हणूनच एकच एक्स-रे दोन पेशंटांच्या बाबतीत उलट अर्थ सांगतो. नेलवाल्याच्या फिल्ममध्ये दोन महिन्यांनी फ्रॅक्चरभोवती पांढुरकं ढगासारखं दिसलं, की घरचे घाबरून विचारतात, ‘गाठ आली का?’ डॉक्टर मात्र खूश असतात. हाड घट्ट आवळलेल्या प्लेटखाली तोच ढग दिसला तर डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडते, कारण जिथे हालचाल नसायला हवी तिथे काहीतरी हलतंय. अशा प्लेटच्या फिल्ममध्ये काहीच न दिसता फट हळूहळू पुसट होत जाणं ही चांगली बातमी, आणि ती नातेवाइकांना पटवणं महाकठीण! पण प्लेटही कधीकधी नेलसारखी वापरतात. हाडाचा चुरा झाला असेल तर तुकड्यांना हात न लावता, वर-खाली चांगल्या हाडात स्क्रू घालून लांब प्लेट पुलासारखी टाकतात. तिथे कॅलस यायलाच हवा.

आता त्या खाटेवरच्या भांडणाकडे. नेल हाडाच्या मधोमध असतो, भार हाडाबरोबर वाटून घेतो. म्हणून मांडीच्या मधल्या भागात नेल असेल तर बऱ्याच जणांना लवकर भार देऊ देतात. प्लेट एका कडेला असते. पाऊल टाकलं की तिच्यावर वाकवणारा ताण येतो. तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते, तसंच. धातू थकायच्या आत हाड जुळलं पाहिजे, ही शर्यत दोन्हीकडे आहे आणि नेलही तुटतात. तरी पायातल्या प्लेटला ती शर्यत जड जाते. तुटलेल्या प्लेटचं खापर लोक मालाच्या दर्जावर फोडतात. माझ्या मते आधी विचारावं ते हे, की हाड जुळायला इतका वेळ का लागला: रक्तपुरवठा, जंतुसंसर्ग, की बिडी-सिगारेट?

‘रॉड चांगला ना, मग प्लेट का घातली?’ या प्रश्नाला जागा हेच उत्तर आहे. मोड सांध्यात शिरला असेल तर सांध्याचा पृष्ठभाग तंतोतंत बसवावा लागतो आणि ते काम प्लेट-स्क्रूचं. कोपराखालच्या दोन हाडांपैकी अंगठ्याच्या बाजूच्या हाडाला नैसर्गिक बाक असतो. तो बिघडला तर तळहात वर-खाली फिरत नाही. म्हणून मोठ्या माणसांत तिथेही प्लेटच. मांडी आणि नडगीच्या मधल्या भागाला नेल. वाढत्या मुलांत हाडाच्या टोकाची वाढीची चकती सांभाळायची असते, तिथे बारीक लवचिक नेल वापरतात.

काढण्याचं गणितही निराळं. नेल किंवा प्लेट त्रास देत नसेल तर मोठ्यांमध्ये ती बहुतेक वेळा तशीच ठेवता येते. कोपराखालची प्लेट काढली की स्क्रूंची भोकं उरतात. ती भरेपर्यंत हाड तिथे कच्चं असतं, आणि प्लेटच्या आडोशाने पातळ झालेलं हाडही लगेच सावरत नाही. एक्स-रेत हाड एकसंध दिसतं, हात दुखत नाही, माणूस पुढच्याच आठवड्यात जड बादली उचलतो, आणि हाड नेमकं त्या भोकातून मोडतं.