चिकटवहीतला विजापुरी कागद

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी शाळांत चिकटवही सजवायची म्हटलं की प्रकार ठरलेले: भेंडीचे ठसे, रंगात बुडवलेला दोरा, टूथब्रशने उडवलेले शिंतोडे आणि परातीतल्या पाण्यावर ऑइल पेंटचे थेंब सोडून उचललेला मार्बल कागद. पोरं आता हे व्हिडिओ पाहून शिकतात, त्यामुळे सगळंच बाहेरून आल्यासारखं वाटतं. मार्बलिंगचं मात्र तसं नाही.

तरंगता रंग कागदावर उचलायची रीत जपानमध्ये बाराव्या शतकापासून दिसते. पुढे इराण-तुर्कस्तानात ती बहरली. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात तिने विजापुरात जे रूप घेतलं, त्याला तोड नाही. अथणीकरांना विजापूर शेजारचंच, आणि तेव्हा बेळगावही आदिलशाहीतच होतं. इतरत्र हा कागद बहुधा समासापुरता किंवा बांधणीपुरता असे. विजापूरच्या चित्रकारांनी त्यातूनच चित्र काढलं. जो भाग कोरा राखायचा तो डिंकाने किंवा कापलेल्या साच्याने झाकायचा, मग कागद रंगावर टेकवायचा. कधी मार्बलच्या लहरी आकृतीत, कधी भोवतालच्या जागेत. हाडं निघालेल्या घोड्यावर बसलेला बैरागी, 1625 च्या सुमाराचा, आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

साध्या पाण्यात पोस्टर कलर बुडतो, म्हणून शाळेत ऑइल पेंट. तो वाळायला वेळ घेतो, वास मारतो आणि वर फोटो चिकटवला तर धड धरत नाही. जुने कारागीर पाणीच दाट करत, इराणी रीतीत मेथ्या भिजवून. रंग पसरावा म्हणून रंगातच जनावराचं पित्त, आणि तो कागदाला धरावा म्हणून कागदावर आधी तुरटीचं पाणी. पित्ताचं सोडा, पण मेथ्या आणि तुरटी कुठल्याही वाण्याकडे मिळतात. तरी शाळा ऑइल पेंटच का धरून बसल्यात, कळत नाही.

चिकटवहीची कल्पनाही नुसती विलायती नाही. 1769 साली जेम्स ग्रेंजर या इंग्रज पाद्र्याचं चरित्रकोशवजा पुस्तक निघालं आणि त्यात चित्रं चिकटवायचं वेड इंग्लंडला लागलं. 1873 मध्ये अमेरिकन लेखक मार्क ट्वेनने आधीच गोंद लावलेल्या वहीचं पेटंट घेतलं. पण त्याआधीच इराणी आणि मोगल दरबारांत वेगवेगळ्या काळातली चित्रं, सुलेखनाचे तुकडे एकत्र चिकटवून अल्बम बांधत आणि त्यांचे समास सजवत.

शिंतोड्यांचं मूळ त्याहून जुनं. भिंतीवर पंजा ठेवून भोवती रंग फुंकायची युक्ती गुहेत राहणाऱ्या माणसालाही माहीत होती. भेंडीच्या ठशाला मात्र कुणी इतिहास चिकटवू नये. शेतात भेंडी आहे, हातात रंग आहे, एवढं कारण पुरे.