हालचालनियंत्रित गेम कन्सोल आणि मर्दानी खेळ

खेळणाऱ्याच्या हाताची किंवा सबंध शरीराची हालचाल टिपून त्यानुसार पडद्यावरचा खेळ चालवणाऱ्या यंत्राला हालचालनियंत्रित गेम कन्सोल म्हणतात. निन्टेंडो कंपनीने नोव्हेंबर २००६ मध्ये आणलेल्या ‘वी’मुळे हा प्रकार घरोघरी पोहोचला आणि त्याचे १० कोटींहून अधिक संच खपले. २०१० मध्ये सोनीचा ‘मूव्ह’ हा हातात धरायचा नियंत्रक व मायक्रोसॉफ्टचा ‘किनेक्ट’ हा समोर ठेवायचा संवेदक आला. किनेक्टचे उत्पादन २०१७ मध्ये बंद झाल्यावर ही लाट ओसरली असे मानले जाऊ लागले. तो निष्कर्ष घाईचा आहे.

वीच्या रिमोटमधील त्वरणमापक हाताच्या हिसक्याची तीव्रता मोजतो, पण हाताचा संपूर्ण मार्ग त्याला नेमका कळत नाही. त्यामुळे टेनिसच्या खेळात खांद्यापासून हात फिरवणाऱ्याला आणि बसल्या जागी मनगटाला नुसता झटका देणाऱ्याला जवळजवळ सारखेच फळ मिळे. २००९ मध्ये जायरोस्कोपची, म्हणजे वळण्याचा वेग मोजणाऱ्या संवेदकाची, जोड मिळाल्यावर अचूकता वाढली. तरीही बहुतेक खेळांनी हालचालीला बटणाचेच काम दिले आणि त्यांची कल्पकता तिथेच खुंटली.

कोल्हापूरच्या आखाड्यांत शिकवला जाणारा मर्दानी खेळ, म्हणजे लाठी, दांडपट्टा अशा शस्त्रांची पारंपरिक युद्धकला, पाहिली की ही उणीव ठळकपणे जाणवते. दांडपट्टा या लांब, लवचीक पात्याच्या तलवारीची लोखंडी मूठ हाताला कोपराच्या दिशेने झाकत जाते. आतली आडवी पकड घट्ट धरली की मनगट मोकळेपणी वळत नाही, म्हणून वार खांद्यातून आणि कमरेतून काढावा लागतो. पवित्रा चुकला तर लवचीक पाते फिरवणाऱ्याच्याच अंगावर येऊ शकते. इथे शस्त्रच शरीराला वळण लावते. रिमोटला ना तसे वजन, ना तशी धार. खासबाग मैदानातल्या कुस्तीत समोरच्या मल्लाचा जो भार मानेवर येतो, तोही पडद्यावरच्या प्रतिस्पर्ध्याकडून येत नाही.

किनेक्टने मात्र वेगळी वाट दाखवली. अवरक्त किरणांचे ठिपके समोर टाकून तो प्रत्येक बिंदूचे अंतर काढी आणि त्यावरून शरीरातील २० सांध्यांची जागा ठरवी. विक्री सुरू झाल्यापासून आठवडाभरात त्याला संगणकाशी जोडणारी खुली प्रणाली तयार झाली. मग नृत्य, कलामांडणी, यंत्रमानवशास्त्र अशा क्षेत्रांतील लोकांनी हे स्वस्त उपकरण आपल्या कामाला जुंपले. या साधनाचा खरा सर्जनशील वारसा प्रस्तुत लेखकाला दुकानात विकल्या गेलेल्या खेळांपेक्षा या कामांतच दिसतो. पुढे २०१६ च्या सुमारास आलेल्या आभासी वास्तवाच्या संचांनी हातातील नियंत्रकाचे अवकाशातील स्थानही अचूक टिपायला सुरुवात केली.

मर्दानी खेळातील हालचाली टिपून ठेवण्यासाठी अशा साधनाचा उपयोग करायचा, तर त्याच्या मर्यादा आधी जाणून घ्याव्या लागतात. पहिल्या किनेक्टचे अवरक्त ठिपके भर उन्हात पुसट होतात, म्हणून उघड्या मैदानावरचे दुपारचे प्रात्यक्षिक त्याला नीट टिपता येत नाही. बंदिस्त जागा किंवा मावळतीनंतरची वेळ निवडावी लागते. सेकंदाला ३० चित्रे घेणाऱ्या या संवेदकाकडून गरगर फिरणाऱ्या पट्ट्याचे पाते निसटते, पण पावलांचे अंतर, गुडघ्याचा बाक आणि खांद्याचा कल बऱ्यापैकी हाती लागतो, आणि नवशिक्याचा पवित्रा तपासायला नेमके तेच लागते. लाठीच्या एकट्याने करायच्या हातांना ही पद्धत सर्वांत सोयीची आहे. कुस्तीत दोन मल्ल एकमेकांत गुंतले की कोणता हात कोणाचा, याचा या यंत्राला उलगडा होत नाही.